रॅम विकत घेण्याआधीची दहा मिनिटं

गणपती आठवड्यावर आले होते आणि मावसभावाच्या दुकानात फ्लेक्सच्या ऑर्डरी थांबत नव्हत्या. तालुक्याच्या गावी त्याचं डीटीपीचं दुकान आहे. वर्षभर लग्नपत्रिका, बिलबुकं, अर्ज टाइप करून देणं, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत फ्लेक्स. मंडळाचा दहा बाय वीस फुटांचा बॅनर उघडला की संगणक गप्प व्हायचा. कॅबिनेटच्या आत हार्ड डिस्क कुरकुरत राहायची आणि गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसून वाट बघायचं. दादाने ऑनलाइन ८ जीबीची एक रॅम स्वस्तात मागवली, स्वतःच बसवली, आणि मग संगणक सुरूच होईना. तेव्हा मला फोन आला. "अरे, खाचेत अगदी बरोबर बसलीय. मग चालू का होत नाही?"

रॅम वाढवणं हे प्रत्यक्षात पंधरा मिनिटांचं काम आहे. स्क्रू फिरवता येणाऱ्या कोणालाही जमेल. पैसे वाया जातात ते त्याच्या आधी, विकत घेताना. म्हणून दादाच्या प्रश्नाचं उत्तर मी जरा मागून सुरू करतो.

फ्लेक्सच्या दुकानात एक लांब टेबल असतं. छापून आलेला रोल त्यावर पसरायचा, कडा कापायच्या, रिंगा मारायच्या. टेबल मोठं असेल तर बॅनर एकदा पसरला की काम होईपर्यंत हलवावा लागत नाही. छोटं असेल तर अर्धा गुंडाळा, अर्ध्याचं काम करा, तो गुंडाळून खाली ठेवा, दुसरा अर्धा उचला. माणूस तेवढाच हुशार, कात्री तीच, पण निम्मा वेळ गुंडाळण्यात जातो. रॅम म्हणजे हे टेबल. हार्ड डिस्क किंवा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपांची डिस्क) म्हणजे मागची खोली, जिथे सगळे रोल कायमचे रचून ठेवलेले असतात. काम टेबलावरच होतं, मागच्या खोलीत होत नाही.

या दोन जागांमधलं अंतर किती आहे ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. रॅममधली एखादी गोष्ट उचलायला प्रोसेसरला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर योग्य जागी पोचून तीच गोष्ट वाचायला साधारण १० मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट. रॅमच्या कामाला एक सेकंद लागतो असं धरलं तर हार्ड डिस्कला २७ तासांहून जास्त लागतील. त्याच हिशेबाने एसएसडीला सतराएक मिनिटं. रॅम भरली की विंडोज संगणक बंद पाडत नाही, सध्या न लागणारा माल उचलून डिस्कवरच्या एका राखीव फाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. दादाच्या कॅबिनेटमधली कुरकुर ही त्या ये-जा करण्याचा आवाज होती.

आता त्याचा बॅनर मोजू. दहा बाय वीस फूट म्हणजे १२० बाय २४० इंच. इंचाला १०० ठिपके धरले तर १२,००० गुणिले २४,०००, म्हणजे २८ कोटी ८० लाख ठिपके. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्याला चार बाइट. हे झाले सुमारे १.१५ जीबी, तेही फक्त एका भरलेल्या थराचे. मागे पडद्याचं चित्र, त्यावर गणपती, मग फोटो, आणि केलेलं काम मागे घेता यावं म्हणून सॉफ्टवेअर जपून ठेवतं त्या आधीच्या अवस्था. दादाच्या संगणकात सगळी मिळून ४ जीबी रॅम होती, आणि त्यातली बरीचशी विंडोज आणि उघडा ब्राउझर आधीच घेऊन बसले होते. यात प्रोसेसरचा दोष नव्हता, व्हायरसचाही नव्हता. टेबलच पुरत नव्हतं.

रॅम एवढी वेगवान आहे, तर मग सगळं तिथेच का ठेवत नाही? कारण ती विसरते. आज वापरात असलेल्या रॅमची मूळ कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, त्याचं पेटंट १९६८ सालचं. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक चिमुकला कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा भार माठातल्या पाण्यासारखा पाझरत राहतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. रॅमच्या ८ जीबीच्या एका पट्टीत असे ६,८७२ कोटी कप्पे असतात आणि संगणक चालू असेपर्यंत सेकंदाला पंधरा-सोळा वेळा ते सगळे पुन्हा भरले जात असतात. वीज गेली की भरणं थांबतं आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं. भारनियमन असलेल्या गावात यूपीएस का हवा, तर या पाझरणाऱ्या कपॅसिटरांसाठी.

खरंच कमी पडतेय का?

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. संगणक हळू चालतो याचं कारण दर वेळी रॅम नसते.

रोजचं काम जसं करता तसं उघडा: ब्राउझर, टायपिंग, फोटोशॉप, जे असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात मेमरी बघा. काम चालू असताना वापर ८५-९० टक्क्यांच्या वर चिकटून बसला असेल आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्के दाखवत असेल, तर रॅम कमी पडते आहे. रॅमचा वापर ५० टक्क्यांच्या आसपास आणि तरीही डिस्क १०० टक्के असेल, तर तुमचं दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं आहे. तिथे रॅमवर पैसे घालू नका, एसएसडी घ्या. जुन्या हार्ड डिस्कवर चालणाऱ्या संगणकाला एसएसडीने जो फरक पडतो तो बहुतेक वेळा रॅमपेक्षा जास्त जाणवतो.

आणखी बारकाईने बघायचं असेल तर विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर नावाचं साधन आहे. त्यात 'हार्ड फॉल्ट्स' असा आलेख दिसतो. हवी ती गोष्ट रॅममध्ये सापडली नाही आणि डिस्ककडे धावावं लागलं, असं सेकंदाला किती वेळा झालं, ते तो सांगतो. अधूनमधून उसळी आली तर काही नाही. सतत शेकड्यांत असेल तर टेबल पुरत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. रॅम अर्धी भरलेली दिसली की लोक घाबरतात आणि 'रॅम साफ करणारी' सॉफ्टवेअरं टाकतात. ती टाकू नका. विंडोज असो वा लिनक्स, मोकळ्या रॅममध्ये नुकत्याच वापरलेल्या फाइलींच्या प्रती मुद्दाम ठेवल्या जातात, म्हणजे पुन्हा लागल्या तर मागच्या खोलीत जायला नको. जागा लागली की त्या क्षणात हटवल्या जातात. मोकळी पडलेली रॅम कोणाच्याच उपयोगाची नसते.

टास्क मॅनेजरच्या त्या मेमरीच्या पानावरून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: वेग, किती स्लॉट (रॅमची पट्टी बसवायच्या जागा) आहेत आणि त्यातले किती भरलेले. जोडीला सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट तेही बघा. ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम त्याला वापरताच येत नाही, आणि प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीन जीबीच हाती लागते. डीटीपीच्या दुकानांत हे अजून आढळतं, कारण जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालायला संगणकाला लावावी लागणारी किल्लीसारखी वस्तू) असतं आणि त्याचा ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजमध्ये चालत नाही. अशा ठिकाणी आधी त्या सॉफ्टवेअरची सोय लावा, विंडोज नव्याने टाका, मग रॅम.

'बरोबर बसली' म्हणजे बरोबर असते असं नाही

डेस्कटॉपच्या रॅमच्या पिढ्या आहेत. डीडीआर३ २००७च्या सुमारास बाजारात आली, डीडीआर४ २०१४ मध्ये, आणि डीडीआर५ चं मानक २०२० मध्ये जाहीर झालं. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. खालच्या सोनेरी दातांमध्ये एक खाच असते आणि दर पिढीत तिची जागा थोडी सरकवलेली असते. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण विजेचा दाबही वेगळा आहे: डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. बसत नसेल तर जोर लावू नका. जोराने बसवलेली पट्टी स्लॉट फोडते, आणि मग मदरबोर्डच, म्हणजे सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्डच, बदलावा लागतो.

तुमच्या बोर्डाला कोणती पिढी लागते? दादाचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय३, २०१३-१४च्या काळातला. त्याला डीडीआर३. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या एएम४ बोर्डांना डीडीआर४, एएम५ ला फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत मात्र घोळ आहे: प्रोसेसर दोन्ही चालवू शकतो, कोणती लागेल ते बोर्ड ठरवतो. म्हणून प्रोसेसरच्या नावावर विसंबू नका. बोर्डावर छापलेलं मॉडेल वाचा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर ते शोधा. जास्तीत जास्त किती रॅम चालते, तेही तिथेच असतं. दादाचा बोर्ड एच८१ चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपेचा प्रकार) होता: दोन स्लॉट, कमाल १६ जीबी.

पिढी बरोबर, खाच बरोबर, तरी दादाची पट्टी का चालली नाही? ती मी हातात घेतली. दोन्ही बाजूंना चिपा, आणि लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'फक्त एएमडीसाठी' असं इंग्रजीत लिहिलेलं. स्वस्त डीडीआर३ मध्ये हा प्रकार सर्रास विकला जातो. या पट्ट्यांवरच्या चिपांची आतली मांडणी अशी असते की जुन्या एएमडी बोर्डांना ती वाचता येते, इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डांना येत नाही. विकणाऱ्याने जाहिरातीत ते शेवटच्या ओळीत दिलं होतं. याचा मला मनापासून राग येतो. महिन्याभराच्या फायद्यातून बाजूला काढलेले पैसे असतात ते, आणि समोरच्याला वाचून कळणार नाही अशा जागी अट लिहिलेली असते.

दुसरा फसवा प्रकार सर्व्हरमधून काढलेल्या रॅमचा. ती दणकट असते, मोठ्या क्षमतेची असते, स्वस्त मिळते, पण घरच्या बोर्डावर चालत नाही. ती ओळखायला लेबल वाचता आलं पाहिजे. डीडीआर३च्या पट्टीवर 'पीसी३-१२८००यू' असं काहीसं छापलेलं असतं. शेवटचं अक्षर यू असेल तर साधी डेस्कटॉपची. आर असेल तर सर्व्हरची, ती नको. एस असेल तर लॅपटॉपची, जी लांबीला जवळपास निम्मी असते. मात्र छोट्या मिनी पीसीमध्ये आणि स्क्रीनच्या मागेच सगळं असलेल्या संगणकांत बऱ्याचदा हीच लॅपटॉपची पट्टी लागते, म्हणून झाकण उघडून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. मधला १२८०० हा आकडा म्हणजे सेकंदाला किती मेगाबाइट जातात ते. त्याला आठने भागलं की १६०० येतात, तोच पट्टीचा वेग. दुकानदार १६०० मेगाहर्ट्झ म्हणतो. खरं घड्याळ ८०० चंच असतं, पण प्रत्येक ठोक्याला दोनदा माल जातो. त्यामुळे एखाद्या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये निम्मा आकडा दिसला तर फसवलं असं समजू नका.

एक मोठी की दोन लहान

दोन सारख्या. प्रोसेसर आणि रॅम यांच्यात साध्या डेस्कटॉपमध्ये दोन वाटा असतात. एकच पट्टी लावली तर एक वाट ओस पडते. डीडीआर४ ची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी नेऊ शकते, दोन वाटांवर दोन लावल्या तर ५१.२. टायपिंगला हा फरक कळणार नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मात्र चांगलाच कळतो, कारण मग स्क्रीनवरचं चित्रही याच रॅममधून रंगवलं जातं.

बोर्डावर चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या शेजारी-शेजारी लावायच्या नसतात. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. जुनी ४ ची ठेवून नवी ८ ची जोडली तर? चालते, १२ जीबी मिळते. वेग मात्र दोघींतल्या हळू पट्टीचा. जमवून घ्यायला ते ठीक आहे. पण डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या भरण्याचा मोह टाळा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या प्रोसेसरवर दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० पर्यंत उतरतो. तिथे मोठ्या क्षमतेच्या दोनच घ्याव्यात.

किती घ्यावी याबद्दल माझं मत असं: टायपिंग, हिशेब, ब्राउझर यांना ८ जीबी पुरते. फोटोशॉप, कोरल, मोठे बॅनर असतील तर १६. व्हिडिओ एडिटिंगला ३२. त्यापुढची रॅम बहुतेकांच्या संगणकात नुसती बसून राहते.

आणि सध्या तर उगाच जास्त घेऊच नये. रॅमच्या चिपा मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी त्यांच्याकडे वळली आणि किरकोळ बाजारातले भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुनी रॅम घ्यायची वेळ आली तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी समोर लावून, चालवून दाखवणारा दुकानदार गाठा आणि बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.

जुन्या संगणकावर खर्च करताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर चालतं. चौथ्या पिढीच्या संगणकात दोन-तीन वर्षं काढायची असतील तर जुन्या डीडीआर३ च्या दोन पट्ट्या घेणं पटतं. नव्या मशीनच्या निम्मे पैसे त्यात ओतणं पटत नाही.

हाताने करायचं काम

संगणक बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा. मग पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट आडवं ठेवा. गालिच्यावर नको, लाकडी टेबलावर. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना ज्या ठिणग्या चटचटतात, त्यांतली एक चिप मारायला पुरेशी असते, आणि लहान ठिणगी तर तुम्हाला जाणवतही नाही. म्हणून आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला बोट लावा, आणि मधूनमधून लावत राहा. पट्टी कडांनी धरा.

स्लॉटच्या टोकांचे कान (पट्टी धरून ठेवणाऱ्या क्लिपा) बाहेर दाबले की जुनी पट्टी वर येते. काही बोर्डांवर एकाच बाजूला कान असतो. नवी लावताना आधी खाच जुळवा, मग दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सरळ खाली दाबा. टक आवाज येऊन कान आपोआप बंद व्हायला हवा. लागणारा जोर अपेक्षेपेक्षा जास्त असतो. 'नवी रॅम दिसत नाही' या तक्रारीत पहिला संशय अर्धवट बसलेल्या पट्टीवर घ्यावा.

खोडरबराचा उपाय सगळ्या मेकॅनिकना माहीत आहे: रॅम काढायची, सोनेरी दात खोडरबराने घासायचे, परत लावायची. तो खरंच चालतो, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, जिथे पावसाळ्यात दातांवर धूळ आणि ओलाव्याचा पातळ थर बसतो. फक्त मऊ पांढरा खोडरबर घ्या, हलक्या हाताने एक-दोनदाच फिरवा आणि कण झटकून टाका. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, दर महिन्याला घासला तर निघून जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापड मिळालं तर ते अधिक चांगलं.

पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते. डीडीआर५ असेल तर काही मिनिटंसुद्धा, कारण बोर्ड नव्या पट्टीशी जुळवून घेत असतो. मध्येच बंद करू नका. थांबून थांबून बीप वाजत राहिली, किंवा नव्या बोर्डावर डीरॅम लिहिलेला दिवा पेटून राहिला, तर पट्टी काढून पुन्हा बसवा, मग एकेक करून लावून बघा. सुरू झालं की टास्क मॅनेजरमध्ये क्षमता आणि वेग तपासा. ३२०० ची घेतली आणि २४०० किंवा २६६६ दिसतंय? बोर्ड सुरुवातीला सुरक्षित वेग धरतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, किंवा एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर एक्स्पो, हा पर्याय चालू करावा लागतो.

त्यानंतर एक रात्र तपासणीसाठी द्या. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक आहे, त्याहून कसून बघायचं तर पेन ड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट८६+. एकही चूक निघाली तरी ती पट्टी परत करा. अर्धवट खराब रॅम संगणक बंद पाडत नाही, ती सेव्ह होणाऱ्या फाइली हळूहळू बिघडवते, आणि ते कळतं तेव्हा मूळ फाइल उरलेली नसते.

दादाच्या संगणकात ८ च्या दोन पट्ट्या बसल्या, दोन्हींवर १.५ व्होल्ट आणि यू. रात्रभराची तपासणी निर्दोष निघाली. सकाळी त्याने तोच दहा बाय वीसचा बॅनर उघडला. हार्ड डिस्क तीच असल्यामुळे उघडायला वेळ लागलाच, पण उघडल्यावर थर सरकवताना कुरकुर आली नाही. काढलेली ४ ची पट्टी आम्ही कागदात गुंडाळून, वर 'डीडीआर३, चालू आहे' असं लिहून गल्ल्याच्या खणात ठेवली. उद्या संगणक सुरू झाला नाही, तर बिघाड रॅमचा आहे की बोर्डाचा, हे ती लावून दोन मिनिटांत कळेल.